कुरव की सुरय?

हातोदजवळच्या यशवंत सागरावर पांढरा-करडा पक्षी दिसला की मुलं 'सीगल!' म्हणून ओरडतात. बहुतेक वेळा तो नदी सुरय असतो. पिवळी चोच, निमुळते पंख, दुभंगलेली शेपटी आणि पाण्यात सूर मारून मासा टिपणं, ही त्याची ओळख.

कुरव, म्हणजे खरे सीगल, पाहायचे तर हिवाळ्यात मुंबईला नातेवाइकांकडे गेलात की शिवडी किंवा भाऊचा धक्का गाठा. गोदामं आणि बोटींच्या गर्दीत तपकिरी डोक्याचे आणि काळ्या डोक्याचे कुरव दिसतात. गंमत म्हणजे हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरी! कानामागे फक्त गडद ठिपका उरतो. म्हणून पंख आणि डोळे पाहा. काळ्या पंखटोकांत पांढरे ठिपके आणि डोळा फिकट, तर पूर्ण वाढलेला तपकिरी डोक्याचा कुरव. पंखाची पुढची कड पांढरी आणि डोळा गडद, तर काळ्या डोक्याचा. बोटीतून त्यांना वेफर्स मात्र टाकू नका. ते त्यांचं अन्न नव्हे.

यशवंत सागराला २०२२ साली रामसर दर्जा मिळाला. नदी सुरयाची प्रजाती आज जगभरात संकटात आहे, आणि तो अंडी घालतो उघड्या वाळूवर. तेव्हा उन्हाळ्यात काठावर उतरू नका, दुर्बिणीतूनच पाहा.