पाण्याचा भार आणि आपला कान

समुद्राच्या पोटांत काय दडलें आहे हें पाहण्याची मनुष्याची इच्छा फार प्राचीन आहे. परंतु ती सामान्य माणसाच्या आटोक्यांत येऊन अद्याप शंभर वर्षेंही झालीं नाहींत. इ. स. १९४३ सालीं फ्रान्स देशांतील झाक कूस्तो हा आरमारी अधिकारी व एमिल गान्यां हा इंजिनियर या उभयतांनीं एक यंत्र सिद्ध केलें. पाठीवरच्या नळकांड्यांत दाबून भरलेली हवा हें यंत्र पाणबुड्यास श्वासागणिक, आणि भोंवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबानें, पुरवितें. आज आपल्या कोंकणांत मालवण व तारकर्ली येथें, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसमंतांत, सुट्टीसाठीं आलेलीं मुलेंमाणसें याच साधनाच्या आधारें पाण्याखालीं उतरतात. आमच्या शाळेचे कांहीं विद्यार्थीही तेथें जाऊन आले आहेत. परत आल्यावर त्यांच्या तोंडून रंगीबेरंगी माशांचें वर्णन जसें ऐकावयास मिळतें, तशीच "सर, कान फार दुखला" ही तक्रारही ऐकूं येते. ही तक्रार कां उद्भवते व ती कशी टाळावी, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम कानाची रचना ध्यानांत घेऊं. बाहेरून जी वाट आंत जाते तिच्या शेवटीं एक पातळ पडदा ताणलेला असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारें एकदशांश इतकीच. पडद्यापलीकडे हवेनें भरलेली एक लहानशी पोकळी असून तींत तीन चिमुकलीं हाडें असतात. हा मध्यकर्ण होय. त्याच्याही आंत अंतःकर्ण. ऐकणें व शरीराचा तोल सांभाळणें हीं दोन्हीं कामें अंतःकर्णाकडे आहेत. आतां मध्यकर्ण ही खोली जर चारही बाजूंनीं कायमची बंद असती, तर बाहेरचा दाब किंचित् बदलतांच पडदा फुगला अगर दबला असता. म्हणून निसर्गानें या खोलीस एक चोरवाट ठेविली आहे. ती नाकाच्या मागें, घशाच्या वरच्या भागांत उघडते. तिला युस्टेशियन नलिका म्हणतात. सोळाव्या शतकांतील युस्टाकी नांवाच्या इटालियन शारीरशास्त्रज्ञावरून हें नांव पडलें. मोठ्या माणसांत हिची लांबी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास असते. ती बहुधा मिटलेली असते. आपण आवंढा गिळला अगर जांभई दिली म्हणजे क्षणभर उघडते. आंबोलीचा घाट उतरतांना कानांत दडे बसतात व आवंढा गिळतांच 'टक्' असा आवाज होऊन ते मोकळे होतात, हा अनुभव पुष्कळांस असेल. तें काम या चोरवाटेचेंच.

हवेंत हा फरक हळूहळू पडतो, पण पाणी हवेच्या कित्येक पट जड. समुद्रांत १० मीटर, म्हणजे सुमारें ३३ फूट, खालीं गेलें कीं दाब भूपृष्ठावरील दाबाच्या दुप्पट होतो. २० मीटरांवर तिप्पट, ३० मीटरांवर चौपट. रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाचा १६६२ सालचा नियम वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस पाठ असतो: उष्णमान तेंच असतां दाब दुप्पट झाला म्हणजे वायूचें आकारमान निम्में होतें. यावरून असें दिसेल कीं, पहिल्या १० मीटरांत हवा निम्म्यावर येते. पुढच्या १० मीटरांत मात्र ती निम्म्यावरून तिसऱ्या हिश्शावर, म्हणजे त्या मानानें थोडीच, आकसते. अर्थात् कानाची खरी कसोटी खोल समुद्रांत नसून पृष्ठभागाजवळच असते, आणि नवशिका तर तेथेंच वावरतो! "आम्ही कांहीं फार खोल गेलों नाहीं" असें म्हणून निश्चिंत राहणें किती चुकीचें आहे, हें यावरून कळेल.

येथें एक साधा हिशेब करून पाहूं. पाण्याखालीं दर मीटरास दर चौरस सेंटिमीटरवर सुमारें १०० ग्रॅम भार वाढतो. पडद्याचें क्षेत्रफळ अर्धा चौरस सेंटिमीटर धरलें, तरी तीन मीटरांवर त्या नाजुक पडद्यावर दीडशे ग्रॅमांचा जादा भार पडतो. आंतून तितकाच भार उलट दिशेनें दिला नाहीं, तर पडदा आंत दबतो व दुखूं लागतो. मध्यकर्णाच्या अस्तरास सूज येऊन तेथें पाणी व रक्त झिरपतें. आणि अति झाल्यास पडदा फाटतो. पडदा फाटून थंड पाणी आंत शिरलें म्हणजे तोल सांभाळणारें इंद्रिय भांबावतें, व मनुष्यास वर कोणतें आणि खालीं कोणतें हेंही समजेनासें होतें. पाण्याखालीं अशी घेरी येणें किती भयंकर, हें सांगावयास नकोच.

येथें आमचीच एक चूक सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं विद्यार्थ्यांच्या सहलीबरोबर आम्हीही पाण्यांत उतरलों. आदल्या दिवसापासून पडसें झालें होतें. तेथील शिक्षकानें "सर्दी-पडसें आहे काय?" असें स्पष्ट विचारलें, छापील कागदावरही तोच प्रश्न होता. विद्यार्थी शेजारींच उभे होते. त्यांच्यादेखत माघार घेणें आम्हांस लाजिरवाणें वाटलें, व "नाहीं" असें लिहून आम्हीं सही केली. दोन-तीन मीटर उतरलों नाहीं तोंच डाव्या कानांत कळ आली. आमच्या शेजारीं नववींतील एक मुलगा उतरत होता. त्याचाही कान दुखला असावा. त्यानें लगेच हाताची खूण करून कानाकडे बोट दाखविलें, तो थोडा वर गेला, कान मोकळा करून पुन्हां सावकाश खालीं आला. त्या मुलास जें शहाणपण सुचलें तें त्याच्या शिक्षकांस सुचलें नाहीं. आम्हीं नाक दाबून सर्व बळ एकवटून फुंकर घातली, आणि तसेच खालीं गेलों. वर आल्यावर डाव्या बाजूचें जग जणूं भिंतीपलीकडे गेलें होतें. पडदा फाटला नव्हता, पण त्यामागें रक्त सांचलें होतें, असें डॉक्टरांनीं सांगितलें. तीन आठवडे तो कान बधिर होता. त्या अवधींत एके दिवशीं मागच्या बांकावरील एका विद्यार्थ्यानें प्रश्नाचें बरोबर उत्तर दिलें. आम्हीं तें भलतेंच ऐकून "चूक, खालीं बैस" असें म्हणालों. मुलगा खालीं बसला, आणि वर्ग स्तब्ध झाला. तास संपल्यावर एकानें धीर करून खरी गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशीं आम्हीं वर्गासमोर त्या मुलाची क्षमा मागितली. समुद्रकिनारीं केलेल्या खोट्या सहीचा दंड असा एका निरपराध मुलानें भरला.

आमचें काय चुकलें, हें शास्त्रदृष्ट्या पाहूं. युस्टेशियन नलिकेचा घशाकडील भाग मऊ आहे. मध्यकर्णांतील हवा जास्त झाली तर ती या वाटेनें बहुधा आपोआप बाहेर निघते. म्हणून वर येतांना सहसा त्रास होत नाहीं. परंतु खालीं जातांना बाहेरून आंत हवा घालावयाची असते, आणि ही वाट आपण होऊन उघडत नाहीं. पाण्याचा दाब पुढें गेला व आपण मागें राहिलों, तर तिच्या मऊ भिंती एकमेकींस चिकटून बसतात. सव्वा मीटराच्या आसपासचा फरकही त्यास पुरे होतो. मग कितीही फुंकर घाला, दार उघडत नाहीं. उलट त्या जोरानें अंतःकर्णांतील नाजुक पटल फाटून कायमचें बहिरेपण येण्याचा धोका असतो. पडशानें नलिका आधींच सुजली असेल तर बोलावयासच नको.

कान मोकळा करण्याच्या तीन रीती प्रसिद्ध आहेत. पहिली वालसाल्वा या इटालियन शारीरशास्त्रज्ञाच्या नांवानें ओळखली जाते: नाक चिमटींत धरून, तोंड मिटून, नाकांतून हळुवार फुंकर घालावयाची. दुसरी टॉयन्बी या इंग्रज कर्णवैद्याची: नाक धरून आवंढा गिळावयाचा. तिसरी फ्रेन्झेल या जर्मन वैद्याची: नाक धरून घसा बंद करावयाचा, व जिभेचा मागचा भाग वर उचलून तोंडांतील थोडी हवा मागें ढकलावयाची, हींत छातीचा जोर लागत नाहीं. कोणतीही रीत असो, ती घरीं, कोरड्या जमिनीवर, आधीं साधून घ्यावी.

यावरून पुढील नियम निघतात. पाण्यांत उतरण्यापूर्वींच एकवार कान मोकळे करावे. पाय खालीं व डोकें वर ठेवून, दोरीस धरून, सावकाश उतरावें. प्रथम मीटरागणिक एकदां तरी, आणि *दुखूं लागण्यापूर्वीं*, कान मोकळे करावे; दुखणें ही सूचना नसून उशीर झाल्याची खूण आहे. कान न उघडल्यास थांबावें, मीटरभर वर यावें, पुन्हां हळू यत्न करावा. तरीही न उघडल्यास शिक्षकास खूण करून बाहेर यावें. आडवा पंजा डुलवून कानाकडे बोट दाखविणें ही ती खूण. अंगठा वर करणें याचा पाण्याखालीं अर्थ "वर चला" असा होतो, "ठीक आहे" असा नव्हे, हेंही विसरूं नये. वर येतांना सावकाश यावें, आणि श्वास कधींही कोंडूं नये.

पालकांसही दोन शब्द सांगावयाचे आहेत. कानांत बोळे घालून मुलास उतरवूं नये. बोळ्यामागें अडकलेली हवा आकसून पडद्यास इजा होते. केवळ डोळे झांकणारा चष्मा चालत नाहीं. नाक आंत येईल असाच मुखवटा हवा. पडशावर औषध देऊन उतरविणेंही धोक्याचें, कारण औषधाचा गुण पाण्याखालीं ओसरला तर वर येतांना हवा कोंडते. पाडी या संस्थेच्या नियमांप्रमाणें दहा वर्षांच्या मुलास शिक्षण घेतां येतें, पण दहा-अकरा वर्षांच्या मुलांस १२ मीटरांची मर्यादा आहे. पूर्वीं कान वाहिला असेल, पडद्यास भोंक असेल, अगर शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांचा सल्ला आधीं घ्यावा. पाण्यांतून आल्यावर ऐकूं कमी येणें, कानांत गुणगुण अगर घेरी येणें, यांपैकीं कांहींही झाल्यास त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें.

विद्यार्थिमित्रहो, समुद्र पुढील सुट्टींतही तेथेंच असेल. पैसे भरले, मित्र पुढें गेले, लोक काय म्हणतील, हे विचार त्या क्षणीं मनांत येतील. आमच्याही आले होते. तेव्हां नववींतील त्या मुलाचें स्मरण करा. त्यानें हात वर केला, तो थांबला, आणि नंतर आमच्याहून अधिक वेळ, अधिक आनंदानें, समुद्र पाहून आला.