तीन ऑलिम्पिक पदकं, पण मायदेशाची जर्सी ४५व्या वर्षी! कोण आहे डॅरियस कास्पारायटिस?

ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण, रौप्य आणि कांस्य अशी तिन्ही पदकं. पण त्यातलं एकही जन्मभूमीसाठी नाही. आइस हॉकीपटू डॅरियस कास्पारायटिसची ही गोष्ट.

त्याचा जन्म १९७२चा, लिथुआनियातल्या एलेक्ट्रेनाय या वीजप्रकल्पासाठी वसवलेल्या शहरातला. तेव्हा लिथुआनिया सोव्हिएत संघात होता. हॉकीसाठी तो मॉस्कोच्या डायनॅमो क्लबमध्ये गेला.

मग देश कोणता?

१९९२च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये स्वतंत्र लिथुआनियाचं पथक होतं, पण त्यात हॉकी संघच नव्हता. डॅरियस माजी सोव्हिएत प्रजासत्ताकांच्या संयुक्त संघाकडून खेळला आणि सुवर्ण जिंकला. पुढे रशियाकडून १९९८मध्ये रौप्य, २००२मध्ये कांस्य.

एनएचएलमध्ये काय केलं?

उत्तर अमेरिकेतल्या या लीगमध्ये खेळणारा तो लिथुआनियात जन्मलेला पहिला खेळाडू. ८६३ सामन्यांत गोल फक्त २७, कारण तो डिफेन्समन, म्हणजे बचावपटू. खाली वाकून प्रतिस्पर्ध्याला कंबरेने धडक देणारा 'हिप चेक' ही त्याची ओळख. तरी २००१च्या प्लेऑफमध्ये बफेलोविरुद्ध सातव्या, निर्णायक सामन्यात जादा वेळेतला विजयी गोल त्याचाच. त्यानंतर तो बर्फावर चक्क पोटावर घसरत गेला!

आणि लिथुआनिया?

२०१८मध्ये कौनास शहरात जागतिक स्पर्धेचा खालच्या गटातला टप्पा झाला. ४५ वर्षांचा डॅरियस अखेर मायदेशाकडून उतरला. लिथुआनियाने गट जिंकून वरच्या गटात प्रवेश मिळवला.