दादरचा पूल आणि मनातले बाण

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास दादरच्या पुलावरून खाली पाहावे. गर्दीतून सुटलेली माणसे घरच्या वाटेला लागण्याआधी वडापावच्या गाडीकडे वळतात. सगळ्यांनाच भूक लागलेली असते असे नाही. १९६६च्या सुमारास अशोक वैद्य यांनी याच स्टेशनाबाहेर वडापाव विकायला सुरुवात केली, असे सांगतात. परळ-लालबागच्या गिरण्यांतला कामगार पाळी संपवून यायचा, तोही असाच वळत असणार. ताण वाढला की हवेसे वाटणे का वाढते, या एकाच प्रश्नाच्या मागे मी कित्येक वर्षे लागलो आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडले, की घटना आणि भावना यांच्यामध्ये आपली धारणा उभी असते. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी त्यांच्याशी ३६ वर्षे पत्रव्यवहार केला आणि ही विचारपद्धती मराठीत रुजवली. पुढे १९९८मध्ये जेम्स ग्रॉस यांनी भावना आवरण्याचे पाच टप्पे सांगितले: प्रसंग निवडणे, प्रसंग बदलणे, लक्ष वळवणे, अर्थ बदलणे आणि शेवटी प्रतिक्रियेला वळण देणे.

मला वेड लावले ते यापुढच्या पायरीने. ॲमस्टरडॅममधल्या एका विद्यापीठातले यान ट्रर आणि त्यांचे सहकारी या साऱ्याचे संगणकावर प्रतिमान मांडतात. ताण, शरीराची अवस्था, भावना, खाण्याची इच्छा, आवर हे सगळे बिंदू. बिंदूंमध्ये बाण, प्रत्येक बाणाला वजन आणि प्रत्येक बिंदूला स्वतःचा वेग. दर क्षणी बिंदूची पातळी येणाऱ्या बाणांच्या एकत्रित जोराकडे थोडी थोडी सरकते. काहीजण मेंदूचा अभ्यास करून हीच साखळी शोधतात, हे लोक ती आकड्यांत चालवून पाहतात.

मी घरी साध्या तक्त्यावर हे करून पाहिले. आकडे माझेच, गृहीत धरलेले. इच्छा आणि आवर दोन्ही ०.२ वर, दोघांनाही ०.८ कडे ओढ. इच्छा दर पावलाला उरलेल्या अंतराचा निम्मा भाग कापते, आवर दहावा. तीन पावलांनंतर इच्छा ०.७३ वर आणि आवर जेमतेम ०.३६ वर! हा तक्ता पाहिला त्या रात्री मला झोप लागली नाही. ताणाखाली आवराचा बाण आणखी कमकुवत होतो, हे धरले तर फरक वाढतच जातो. आणि डोनाल्ड हेब यांनी १९४९मध्ये सुचवले, की ज्या मेंदूपेशी वारंवार एकत्र सक्रिय होतात त्यांच्यातले संबंध बळकट होतात. म्हणजे ताण आला आणि खाल्ले, असे रोज घडले की तो बाणच जाड होतो.

इथे मला वडील आठवतात. ते गिरणीत साच्यांवर होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. महिने सरत गेले आणि वडिलांची तंबाखू वाढत गेली. आई म्हणायची, "ह्यांचा मनावर ताबाच नाही." मीही तेच धरून मोठा झालो.

तक्त्याने माझे मत बदलले. वडिलांच्या आवराचा वेग तोच होता. ताणाचा बाण मात्र दिवसागणिक वाढत होता आणि तंबाखूचा बाण रोज जाड होत होता. दुबळेपणा म्हणून त्याकडे पाहणे अन्याय होता, हे आईला सांगायचे राहून गेले.

प्रतिमान हे माणूस नव्हे, हे मला मान्य आहे. पण ते एक व्यवहारी गोष्ट शिकवते. आवर उशिरा पोहोचतो, म्हणून इच्छा उसळल्यावर झुंजण्यापेक्षा ग्रॉस यांच्या पहिल्या टप्प्यावर काम करावे. मी आता पुलावरून दुसऱ्या बाजूच्या जिन्याने उतरतो, आणि गाडीचा वास नाकाला लागत नाही. घरातल्या कुणाचा ताबा सुटलेला दिसला, तर रागावण्याआधी एवढे विचारा: त्याच्यावर सध्या ताण किती आहे?