समुद्रावरचा बंगला कारवारला का नाही?

हुबळीच्या केशवापुरात लग्न ठरलं की कार्यालय, आचारी आणि बस्ता यांच्या पाठोपाठ हल्ली मालदीवचा विषय निघतो. निळंशार पाणी, त्यात खांबांवर उभा बंगला आणि पलंगावरून उठलं की चार पायऱ्या उतरून थेट समुद्र. मुलामुलींच्या मोबाइलवर हे चित्र ठरलेलं असतं. घरची वडीलधारी माणसं विचारतात, समुद्रच बघायचा तर कारवार काय वाईट? प्रश्न रास्त आहे. सकाळी निघालेली गाडी यल्लापूर, अंकोला करत जेवणवेळेला कारवारला पोचते. पण तसा बंगला तिथं उभा राहू शकत नाही, मग गाठीशी कितीही पैसा असो. त्याचं कारण समुद्रातच आहे.

कारवार-गोव्याच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतलं अंतर दोन मीटरच्या आसपास जातं, मुंबईला तर चारच्याही वर. सकाळी पायरीला लागलेलं पाणी दुपारी दूर जाऊन खाली चिखल उरेल. शिवाय जून ते सप्टेंबर अरबी समुद्राच्या लाटा आडकाठी नसल्यानं थेट किनाऱ्यावर आदळतात. प्रशांत महासागरातल्या ताहितीत भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूटभर, मालदीवमध्ये मीटरभर. आणि दोन्हीकडे बेटाभोवती प्रवाळाचं कडं असतं. महासागराची लाट त्या कड्यावर फुटते आणि आतल्या उथळ पाण्यात, म्हणजे लगूनमध्ये, खांब निर्धास्त उभे राहतात. बंगला सुतारानं बांधला तरी त्याला सांभाळतो तो हा प्रवाळ.

हे कडं तयार कसं झालं, हे चार्ल्स डार्विननं 1842 साली मांडलं. ज्वालामुखीचं बेट हळूहळू खचत जातं, त्याच्या कडेचा प्रवाळ मात्र उजेडाच्या ओढीनं वर वाढत राहतो आणि शेवटी मधे पाणी नि भोवती कंकण उरतं. मराठी वाचकाला यात आणखी एक जवळचा धागा आहे. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या उष्ण स्रोतातून सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी सह्याद्रीचा काळा पाषाण बाहेर पडला, त्याच स्रोतावरून भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत असताना मालदीवच्या बुडाशी असलेला लाव्हा साचला, असं भूवैज्ञानिक मानतात. आज तो स्रोत रियुनियन बेटाखाली आहे. रायगडाचा कातळ आणि मालदीवचा तळ एकाच कुळातले.

पाण्यात खांब रोवून राहणं मात्र फार जुनं. मॅगेलनच्या मोहिमेतला अंतोनियो पिगाफेत्ता 1521 मध्ये ब्रुनेईला पोचला, तेव्हा पाण्यावर वसलेलं आख्खं शहर पाहून त्यानं ते लिहून ठेवलं. कांपुंग आयेर नावानं ती वस्ती आजही नांदती आहे. तिथल्या लोकांसाठी ते रोजचं घर. पाहुण्यांसाठी असं घर बांधण्याची कल्पना आली ती अडचणीतून. जे कार्लाइल, डोनाल्ड मॅकॅलम आणि ह्यू केली हे तीन कॅलिफोर्नियाकर मित्र व्हॅनिलाची बाग करायला ताहितीजवळच्या मोरेआ बेटावर गेले. बागेचं जमेना, म्हणून ते हॉटेलाकडे वळले. पुढे रायातेआ बेटावर जागा घेतली, तर तिथं पुळणच नव्हती. प्रवाळ मात्र किनाऱ्याला लागूनच होता. मग त्यांनी 1967 मध्ये पाण्यातच तीन झोपड्या उभारल्या. छपराला केवड्याच्या जातीच्या झाडाची पानं आणि खालचे मासे दिसावेत म्हणून जमिनीत काच. जगभरच्या महागड्या ‘वॉटर व्हिला’चं मूळ या तीन झोपड्यांत आहे.

मालदीवचं पहिलं रिसॉर्ट, कुरुंबा, 1972 मध्ये सुरू झालं. तिथल्या अशा बेटांवर नदी नाही, विहिरीचं गोडं पाणी तुटपुंजं. नळाचं पाणी समुद्राचं मीठ काढून मिळवतात, विजेसाठी बहुतेक ठिकाणी डिझेल जळतं, सांडपाण्याचीही सोय बेटावरच करावी लागते. खोलीचं भाडं चढतं त्यात या सगळ्याचा मोठा वाटा आहे.

प्रवाळाची काळजी वाटावी अशी स्थिती आहे. समुद्र तापला की प्रवाळ आपल्यातलं शेवाळ टाकून पांढरा पडतो. 1998 मध्ये मालदीव आणि लक्षद्वीप दोन्हीकडे फार मोठ्या प्रमाणावर प्रवाळ मेला, 2016 मध्ये पुन्हा तडाखा बसला. त्यात बंगल्यांसाठी लगूनची वाळू उपसली की गढूळपणानं उरलेला प्रवाळही घुसमटतो.

आता हीच घरं भारतात येऊ घातली आहेत. सुहेली आणि कदमत या लक्षद्वीपच्या बेटांवर ताजची दोन रिसॉर्टं होणार असल्याचं जानेवारी 2023 मध्ये जाहीर झालं. त्यात पाण्यावरचे अनुक्रमे 50 आणि 35 व्हिला आहेत. पण लक्षद्वीपचं लगून रिकामं नाही. तिथले कोळी गळ-काठीनं ट्यूना धरतात आणि त्यासाठी लागणारी बारीक आमिषाची मासळी याच उथळ पाण्यात मिळते. पाहुण्यांचा बंगला आणि कोळ्यांचं पोट एकाच पाण्यावर, म्हणून तिथलं बांधकाम डोळ्यांत तेल घालून तपासलं गेलं पाहिजे. केरळात वेंबनाड सरोवरातल्या एका बेटावर किनारा नियमन कायदा मोडून रिसॉर्ट बांधलं गेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निकालानंतर त्याचे 54 व्हिला पाडायला 2022 मध्ये सुरुवात झाली.

कोकणानं आपल्या समुद्राला साजेशी वाट काढली आहे. समुद्रात नाही, तर तारकर्लीजवळ कर्ली नदीच्या शांत पाण्यात पर्यटन महामंडळानं हाउसबोटी आणल्या. भरती आली की बोटही वर येते, ओहोटीला खाली जाते. इथं ही रचना खांबांपेक्षा शहाणपणाची.

ज्यांना मालदीवच गाठायचं आहे, त्यांना तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त सोयीचे, कारण डिसेंबर ते एप्रिल तिथं कोरडा मोसम असतो. दूरच्या बेटांवर नेणारी पाण्यावर उतरणारी विमानं फक्त उजेडात उडतात, त्यामुळे बंगळुरूहून संध्याकाळी मालेला पोचणाऱ्याला रात्र बहुधा तिथंच काढावी लागते. खर्च झेपत नसेल तर माफुशीसारख्या लोकवस्तीच्या बेटांवर साधी गेस्टहाउस आहेत. पाणी तेच, फक्त रात्री झोपायचं जमिनीवर. बुकिंगच्या वेळी दोन गोष्टी मात्र जरूर विचाराव्यात: सांडपाणी कुठं जातं आणि बंगल्यांसाठी लगून उपसलं होतं का.