संगणक बलरेषा कशा काढतो?

पट्टीचुंबकाभोवतीच्या बलरेषा काढण्याचा प्रयोग तुमच्यापैकी अनेकांनी केला असेल. चुंबकाशेजारी छोटी चुंबकसूची ठेवायची, तिच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने ठिपके द्यायचे, मग सूची पुढे सरकवून तिचे मागचे टोक पुढच्या ठिपक्यावर आणायचे. ठिपके जोडले की रेषा तयार! पडद्यावर क्षणात उमटणाऱ्या सुबक बलरेषांमागेही हीच युक्ती आहे. तेथे सूचीचे काम गणित करते. एका बिंदूपाशी क्षेत्राची दिशा सूत्राने काढायची, त्या दिशेने छोटे पाऊल टाकायचे, तेथे पुन्हा दिशा काढायची.

पण यात एक गोम आहे. लांब, सरळ तारेतून विद्युतधारा वाहत असेल तर बलरेषा तारेभोवती वर्तुळाकार असतात. समजा, तारेपासून १० सेंमीवर सुरुवात करून १ सेंमीची पावले टाकली. पाऊल सरळ आणि वर्तुळ वळणारे, त्यामुळे दरवेळी आपण किंचित बाहेर पडतो. पायथागोरसच्या प्रमेयाने पाहा: पहिल्या पावलानंतरचे अंतर १०१ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १०.०५ सेंमी. चूक क्षुल्लक वाटते; पण ती साठत जाते. सुमारे ७३ पावलांत फेरी पूर्ण होते, तेव्हा आपण १३ सेंमीच्याही पलीकडे गेलेलो असतो. वर्तुळाची जिलबी होते! पाऊल १ मिमीचे केले तर चूक सुमारे ३ मिमीवर येते, पण पावले सहाशेच्या वर जातात.

यावर रुंगे आणि कुट्टा या जर्मन गणितज्ञांची पद्धत वापरतात. ती संगणकाच्या कितीतरी आधीची, १९०० च्या सुमाराची आहे. तिचे साधे रूप असे: आधी अर्धेच पाऊल टाकून तेथील दिशा पाहायची, मग मूळ जागी परत येऊन त्या दिशेने पूर्ण पाऊल टाकायचे. पुढे वळण आहे हे आधीच कळते. पाऊल तेच १ सेंमीचे ठेवले तरी पूर्ण फेरीतली चूक ०.१ मिमीसुद्धा होत नाही.

रेषा कोठून सुरू करायच्या आणि किती काढायच्या, हे मात्र आज्ञावली लिहिणारा ठरवतो. त्यामुळे दोन रेषांमधली मोकळी जागा पाहून तेथे क्षेत्र नाही असे समजू नये. सूची तेथे ठेवली तर तीही वळेल.

आणखी एक गोष्ट पालकांनीही मुलांबरोबर पडद्यावर पाहावी. काही सोप्या आज्ञावल्या पट्टीचुंबकाऐवजी दोन सुटे ध्रुव धरून हिशेब करतात. बाहेरचे चित्र त्यात बरेचसे बरोबर येते, पण चुंबकाच्या आत बाण उत्तर ध्रुवाकडून दक्षिण ध्रुवाकडे दिसतात. खरे तर आत ते दक्षिणेकडून उत्तरेकडे जायला हवेत, कारण बलरेषा बंद वक्र असतात. परीक्षेत आकृती काढताना नेमके हेच बाण विचारले जातात.