माणसं किती होती?



आपल्या गटाची बैठक सुरू झाली की आपण आधी काय करतो? हजेरी घेतो. कोण आली, कोण नाही आली, का नाही आली, ते वहीत लिहितो. काही जणींना वाटतं, यात उगाच वेळ जातो. आज मी तुम्हाला एका अपघाताबद्दल सांगणार आहे. तिथे अशाच हजेरीच्या आकड्यावर कितीतरी गोष्टी अवलंबून होत्या.

उत्तराखंडात बद्रीनाथच्या पुढे माणा नावाचं गाव आहे. तिथून पुढे तिबेटची सीमा. 28 फेब्रुवारी 2025 रोजी सकाळी, अजून पुरतं उजाडलंही नव्हतं, तेव्हा डोंगरावरचा बर्फ सुटला आणि खाली आला. याला हिमस्खलन म्हणतात. खाली रस्त्याच्या कामावरच्या मजुरांचा तळ होता. लोखंडी कंटेनरच्या खोल्यांत माणसं झोपलेली होती. बर्फाने तो तळच गाडला.

सैन्य, सीमा पोलीस, आपत्ती दलाची माणसं धावली. पहिला प्रश्न हाच, की खाली माणसं किती? आधी आकडा आला 57. मग कळलं, दोघे रजेवर आहेत. म्हणजे 55. नंतर कळलं, एक जण कुणालाच न सांगता हिमाचलातल्या आपल्या घरी निघून गेला होता आणि तिथे सुखरूप आहे. मग खरा आकडा झाला 54. त्यातले 46 वाचले, 8 जण दगावले. शेवटचा मृतदेह 2 मार्चला सापडला, तेव्हाच शोध थांबला.

आता बघा, तो एक माणूस घरी आहे हे कळलं नसतं तर? उणे तापमानात, पुन्हा बर्फ कोसळायची भीती असताना, जवान नसलेल्या माणसासाठी खणत राहिले असते. आणि उलट झालं असतं तर? एखादा मोजायचाच राहिला असता तर शोध थांबला असता आणि तो खालीच राहिला असता.

मोजणीइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. बर्फ दिसतो कापसासारखा, पण कोसळून थांबला की सिमेंटसारखा घट्ट बसतो. आतल्या माणसाला हातसुद्धा हलवता येत नाही. बहुतेक माणसं थंडीने नाही, श्वास कोंडून जातात. युरोपातल्या आल्प्स पर्वतात अशा अपघातांचा अभ्यास झाला आहे. पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्या दहा जणांपैकी साधारण नऊ जण जगतात. अर्धा तास उलटून गेला की दहातले तीनच. माण्याला वाचलेल्या कित्येकांना त्या लोखंडी खोल्यांनी तारलं. खोली गाडली गेली, पण आत श्वासापुरती पोकळी राहिली.

पंधरा मिनिटांत हेलिकॉप्टर येतं का? नाही येत. माण्याच्या रस्त्यावरही बर्फ होता. कुत्री, जमिनीखालचं दाखवणारं रडार, उष्णता टिपणारे कॅमेरे, हे सगळं आलं. पण त्याला वेळ लागला. म्हणून बर्फाच्या डोंगरात जाणारी जाणती माणसं तीन वस्तू स्वतःजवळच ठेवतात. खुणेचा रेडिओ संकेत पाठवणारं छोटं यंत्र, बर्फात खुपसून चाचपायची लांब काठी आणि फावडं. बरोबरचा माणूस गाडला गेला तर बाकीच्यांनीच त्याला काढायचं. गाडला जाताना तो शेवटचा कुठे दिसला, ती जागा डोळ्यांत धरून ठेवायची आणि तिथून खाली शोधायला लागायचं. सापडला की आधी तोंड आणि छाती मोकळी करायची. हातपाय नंतर.

पण धावण्याआधी वर बघायचं, हाही धडा मोठी किंमत देऊन शिकलेला आहे. तुर्कस्तानात व्हान प्रांतात फेब्रुवारी 2020 मध्ये हिमस्खलनात पाच माणसं गेली. दुसऱ्या दिवशी शेकडो माणसं शोध घेत असताना त्यांच्यावरच दुसरा कडा कोसळला आणि आणखी तीसहून जास्त जणांचा जीव गेला. म्हणून एकाने खणायचं नाही, डोंगराकडे नजर ठेवून उभं राहायचं, आणि पळायची वाट आधीच ठरवून ठेवायची.

तुम्ही म्हणाल, ताई, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? बर्फ नाही, पण डोंगर आहे आणि पाऊस आहे. माळीण आठवा, 30 जुलै 2014. दीडशेच्या वर माणसं गेली. इर्शाळवाडी आठवा. 19 जुलै 2023 च्या रात्री दरड आली. वाडी डोंगरावर, गाडीरस्ता नाही. मदतीची माणसं पावसात, अंधारात पायी चढली, यंत्र वर नेता येईना, म्हणून हाताने माती उपसली. तिथेही तोच प्रश्न आला, की रात्री घरात कोण होतं? काही मुलं आश्रमशाळेत होती, काही माणसं कामासाठी बाहेर. चौथ्या दिवशी शोध थांबवला तेव्हा 27 मृतदेह मिळाले होते आणि 57 माणसं बेपत्ता होती.

गेल्या वर्षी मृगाच्या आधी आमच्या गटाने वस्तीची वही केली. रेशनकार्डावरून नावं उतरवायला घेतली आणि पहिल्याच आळीत अडलो. एका घरात कार्डावर नाव असलेली सून मुंबईला घरकामाला होती. बाळंतपणाला आलेली लेक आणि तिचं वीस दिवसांचं बाळ मात्र घरात होतं, त्यांचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. त्या घरावर माती आली असती तर सुनेला शोधलं असतं. बाळाचं नाव कुणी घेतलं असतं?

म्हणून कागद बाजूला ठेवला आणि दारोदार जाऊन एकच विचारलं, "आज रात्री इथे कोण झोपणार?" अंथरुणाला खिळलेलं कोण, ज्यांना दिसत नाही किंवा चालता येत नाही असे कोण, तेही लिहिलं. वहीची एक प्रत आशाताईंकडे, एक पोलीस पाटलांकडे आणि एक दुसऱ्या वाडीतल्या गटाकडे ठेवली. आपलीच वही मातीखाली गेली तर तिचा काय उपयोग? पावसाळ्यात दर आठवड्याला ती बघतो. कोण आलं, कोण गेलं, फोनवर कळवतो. वहीच्या पुठ्ठ्यावर दोन नंबर लिहिलेत, 112 आणि जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा 1077.

डोंगराला नवी भेग दिसली, झाडं किंवा विजेचे खांब कलले, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, तर यादी करत बसायचं नाही. म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना घेऊन आधी वाडी सोडायची. सुरक्षित जागी पोचलो की वही उघडायची आणि एकेक नाव मोठ्याने वाचायचं.

पुढच्या बैठकीत हजेरी झाली की वही मिटू नका. तेच पान उलटा आणि वस्तीतलं पहिलं घर लिहायला घ्या.