खेळाडूनें बोलावें काय?

आमच्या बीड जिल्ह्यांत धांवण्याच्या शर्यतीचें नांव निघालें कीं, आष्टी तालुक्यांतील मांडवा गांवचे श्री. अविनाश साबळे यांची आठवण विद्यार्थ्यांस होतेच. सन २०२२ मध्यें बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल स्पर्धांत ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतींत त्यांनीं रौप्यपदक मिळविलें. त्या दिवशीं घड्याळानें कोणाची जात विचारली नाहीं, कीं कोणाच्या वडिलांची मिळकत विचारली नाहीं. खेळाचा हाच मोठा गुण आहे असें आम्ही मानतों व मुलांस तसें शिकवितोंही.

परंतु सर्वच खेळ घड्याळानें मोजले जात नाहींत. संघाच्या खेळांत कोणास घ्यावें, कोणास वगळावें आणि कोणाच्या आज्ञेंत इतरांनीं खेळावें, हें माणसें ठरवितात. आणि जेथें माणसें ठरवितात तेथें त्यांचे पूर्वग्रहही बैठकीस येऊन बसतात. अशा वेळीं ज्याच्यावर अन्याय झाला त्या खेळाडूनें काय करावें? मुकाट्यानें खेळत राहावें, कीं बोलावें? "बाबा, तुझें काम खेळण्याचें; बोलणारे दुसरे आहेत," असें घरचीं वडीलधारीं माणसें सांगतात. हा उपदेश मायेपोटीं केलेला असतो हें आम्ही जाणतों. तथापि तो कितपत खरा आहे, हें आपल्याच महाराष्ट्रांतील एका कुटुंबाच्या उदाहरणावरून पाहावें, असा या लेखाचा हेतु आहे.

बाळू पालवणकर यांचा जन्म सन १८७५ च्या सुमारास धारवाड येथें एका चांभार कुटुंबांत झाला. त्या काळीं या जातीस अस्पृश्य लेखीत. पुण्यांत पारशी लोकांच्या क्रिकेट क्लबांत मैदान झाडणें व रोलर फिरविणें या कामावर ते दरमहा तीन रुपये पगारानें लागले. पुढें युरोपियन लोकांच्या क्लबांत त्यांस चार रुपये मिळूं लागले. तेथें मैदानाच्या कामाबरोबर साहेब लोकांस सरावासाठीं चेंडू टाकण्याचेंही काम असे. ग्रेग नांवाचा नामांकित इंग्रज फलंदाज त्यांच्या गोलंदाजीवर नित्य सराव करी व आपणांस बाद केल्यास दर खेपेस आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. तासन् तास डाव्या हातानें चेंडू टाकून बाळूंनीं आपली कला सिद्ध केली. मात्र त्या मैदानावर त्यांच्या हातीं कोणीं बॅट दिली नाहीं. चेंडू टाकणें हें श्रमाचें काम व बॅट धरणें हा मानाचा खेळ, असाच तेव्हांचा समज होता.

पुण्याच्या हिंदु खेळाडूंस युरोपियनांचा पराभव करावयाचा होता. आणि बाळूंवांचून तें घडणें कठीण होतें. म्हणून त्यांस संघांत घेतलें गेलें. मैदानावर ब्राह्मण खेळाडू त्यांच्या हातून आलेला चेंडू झेलीत, त्यांत कांहीं विटाळ मानीत नसत. पण चहाची वेळ झाली कीं इतर मंडळी आंत बसून कपबशींतून चहा घेत, आणि बाळूंस बाहेर मातीच्या बोळक्यांत चहा मिळे. जेवण निराळें, हात धुण्याचें पाणीही निराळें. विद्यार्थ्यांनीं येथें क्षणभर थांबून विचार करावा. ज्या हाताचा चेंडू चालतो, त्या हाताचा पेला कां चालूं नये? न्यायमूर्ति रानडे यांच्यासारख्या सुधारकांनीं बाळूंचा जाहीर गौरव केला; पण बोळकें लगेच फुटलें नाहीं.

पुढें पुण्यांत प्लेगची सांथ पसरली, तेव्हां बाळू मुंबईस गेले व तेथील हिंदु जिमखान्यातर्फे खेळूं लागले. सन १९०६ च्या फेब्रुवारींत हिंदु संघानें युरोपियनांचा १०९ धांवांनीं पराभव केला. त्या सामन्यांत बाळूंनीं दोन्ही डावांत मिळून आठ गडी बाद केले. सन १९११ मध्यें पतियाळाच्या महाराजांच्या नायकत्वाखालीं हिंदी संघ इंग्लंडास गेला. संघ पुष्कळ सामने हरला, परंतु बाळूंनीं एकट्यानें ११४ गडी बाद केले. परत आल्यावर मुंबईंतील अस्पृश्य समाजानें त्यांस मानपत्र दिलें. या मानपत्राच्या कामीं त्या वेळीं कॉलेजांत शिकत असलेले भीमराव आंबेडकर यांचा हात होता, असें क्रिकेटच्या इतिहासकारांनीं लिहिलें आहे.

बाळूंचे तिघे बंधु, शिवराम, गणपत व विठ्ठल, हेही हिंदु संघांत चमकले. एका घरचे चार भाऊ एका संघांत! तथापि कप्तानपद मात्र त्या घरीं आलें नाहीं. याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. गोलंदाजाचा गुण नाकारतां येत नाहीं, कारण पडलेली यष्टी सर्वांस दिसते. पण कप्तान म्हणजे ज्याची आज्ञा इतरांनीं पाळावयाची तो. अस्पृश्याच्या गुणाचा लाभ घेण्यास जे तयार होते, ते त्याची आज्ञा पाळण्यास तयार नव्हते. सन १९१३ चे कप्तान पै यांनीं मोठ्या मनानें जाहीरपणें म्हटलें कीं, हा मान ज्येष्ठ व अनुभवी बाळूंस मिळावयास पाहिजे होता. त्यांचें हें बोलणें त्यांस शोभा देणारें होतें. परंतु निवड करणाऱ्या मंडळावर त्याचा परिणाम झाला नाहीं.

अखेर सन १९२० मध्यें गोष्ट निकरास आली. मुंबईच्या चौरंगी सामन्यांच्या वेळीं कप्तान पै आजारी पडले. त्यांच्या जागीं बाळूंस नेमण्याऐवजीं मंडळानें अनुभवानें पुष्कळच लहान अशा खेळाडूस कप्तान केलें व बाळूंस संघांतूनच वगळलें. तेव्हां विठ्ठल व शिवराम या बंधूंनीं खेळण्याचें नाकारलें आणि आपलीं कारणें जाहीर पत्रकांत मांडलीं. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता: अनुभवी व ज्येष्ठ कप्तानाखालीं खेळण्यास आमची कधींच हरकत नव्हती, परंतु ज्याची योग्यता खेळांत कमी आहे अशास केवळ जातीच्या मोठेपणामुळें वर बसविणें हा आमचा व आमच्या समाजाचा अपमान आहे, आणि तो सोसून खेळणें आमच्या स्वाभिमानास पटत नाहीं.

या बंधूंस खेळ सोडून दुसरी सत्ता नव्हती. त्यांच्यापाशीं ना जहागीर, ना मोठी पदवी. संघांतील जागा हीच त्यांची मिळकत, आणि तीच त्यांनीं पणास लाविली. वर्तमानपत्रांतून मोठी चर्चा झाली व पुष्कळ लोकमत त्यांच्या बाजूस वळलें. अंतिम सामन्याच्या वेळीं पै परत आले, बाळू उपकप्तान झाले आणि बंधूही संघांत परतले. त्या सामन्यांत पै कांहीं वेळ मैदानाबाहेर गेले, तेव्हां हिंदु संघाची सूत्रें बाळूंच्या हातीं आलीं. तीन वर्षांनीं, सन १९२३ मध्यें, विठ्ठल पालवणकर हे हिंदु संघाचे रीतसर कप्तान झाले. संघानें त्या वर्षीं युरोपियनांवर अंतिम विजय मिळविला आणि लोकांनीं विठ्ठलांस खांद्यावर उचलून घेतलें. पंचवीस वर्षांपूर्वीं ज्याच्या भावास चहा बाहेर मिळत होता, त्यास सवर्ण माणसांनीं खांद्यावर घेतलें! हें नुसत्या खेळानें झालें नसतें. खेळाबरोबर शब्दही लागला.

बाळू पुढें राजकारणांत शिरले. सन १९३२ च्या पुणें करारावर त्यांची सही आहे. सन १९३७ च्या निवडणुकींत ते कॉंग्रेसतर्फे साक्षात् डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले व पराभूत झाले. एकाच अन्यायाविरुद्ध झटणाऱ्या दोघां थोर पुरुषांचे मार्ग निराळे असूं शकतात, हेंही विद्यार्थ्यांनीं यावरून ध्यानांत घ्यावें. बाळू सन १९५५ मध्यें वारले. विठ्ठलांनीं 'माझें क्रीडा-जीवन' हें आत्मवृत्त सन १९४८ मध्यें मराठींत प्रसिद्ध केलें.

पत्रक व पुस्तक हीं वाचतां येणाऱ्यांसाठीं. ज्यांस अक्षरओळख नाहीं त्यांच्यापर्यंत दुःख व आशा पोंचविण्याचें काम आपल्याकडे गाण्यानें केलें आहे. पंढरीच्या देवळाबाहेर उभ्या राहिलेल्या संत चोखामेळ्यांनीं आपलें गाऱ्हाणें अभंगांत घातलें. पुढें सत्यशोधक जलसे निघाले, आणि सन १९३० नंतरच्या काळांत भीमराव कर्डक प्रभृति शाहिरांचे आंबेडकरी जलसे ढोलकीच्या तालावर गांवोगांव गेले. सभेस न जाणारा माणूस जलशास जात असे. खेळाडूचा शब्द व शाहिराचें गाणें हीं दोन्ही एकाच माणसांत एकत्र आल्याचें उदाहरण पाहावयाचें झाल्यास मात्र अमेरिकेकडे वळावें लागतें.

तेथें जातीच्या जागीं वर्ण आहे. आपल्याकडे आडनांव विचारून जें ठरवितात, तें तेथें कातडीच्या रंगावरून ठरवीत. पॉल रॉबसन यांचा जन्म सन १८९८ चा. त्यांचे वडील तरुणपणीं गुलामगिरींतून निसटलेले. रटगर्स कॉलेजांत पॉल अमेरिकन पद्धतीच्या फुटबॉलसाठीं मैदानावर उतरले, तेव्हां पहिल्याच सरावांत त्यांच्याच सोबत्यांनीं त्यांचें नाक फोडलें. सन १९१६ मध्यें दक्षिणेकडील एका कॉलेजानें कृष्णवर्णीयाशीं खेळण्यास नकार दिला, म्हणून त्यांस सामन्यांतून बाहेर बसविलें. असें असूनही ते देशांतील श्रेष्ठ खेळाडूंत गणले गेले. सन १९२१ व १९२२ मध्यें ते वेतन घेऊन व्यावसायिक संघांतून खेळले व त्या पैशांवर कायद्याचें शिक्षण घेतलें. पण वकिलीच्या कचेरींतील गोऱ्या लेखनिकेनें त्यांचा मजकूर लिहून घेण्याचें नाकारलें. तेव्हां वकिली सोडून ते रंगभूमीकडे व गाण्याकडे वळले.

कृष्णवर्णीय गुलामांनीं शेतांत राबतांना रचलेलीं भक्तिगीतें ते आपल्या गंभीर, खर्जांतील आवाजांत गात. 'ओल्ड मॅन रिव्हर' या प्रसिद्ध गीतांत मूळ शब्द हताशपणाचे होते. रॉबसन यांनीं ते मैफलींतून बदलून झगडत राहण्याचे केले. सरकारला त्यांचीं मतें व भाषणें रुचलीं नाहींत. सन १९५० मध्यें त्यांचा पारपत्राचा परवाना काढून घेण्यांत आला व आठ वर्षें त्यांस परदेशीं जातां येईना. पण गाण्यास पारपत्र लागत नाहीं. सन १९५७ मध्यें ते न्यूयॉर्कमध्यें टेलिफोनसमोर उभे राहून गायिले, आणि समुद्राखालून गेलेल्या तारेनें तें गाणें लंडनच्या सभागृहांत, व कांहीं महिन्यांनीं वेल्समधील खाणकामगारांच्या मेळाव्यांत ऐकूं आलें. सन १९५८ मध्यें त्यांचा साठावा वाढदिवस भारतांतही साजरा झाला व पंडित नेहरूंनीं त्यास पाठिंबा दिला.

अशीं उदाहरणें आणखीही आहेत. वेस्ट इंडीजचे क्रिकेटपटु लिअरी कॉन्स्टंटाइन यांस सन १९४३ मध्यें लंडनच्या एका हॉटेलानें वर्णामुळें राहूं दिलें नाहीं. त्यांनीं फिर्याद केली व पुढच्या वर्षीं ती जिंकली. सन १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्यें टॉमी स्मिथ व जॉन कार्लोस यांनीं पदकें घेतांना, राष्ट्रगीत वाजत असतां, काळे मोजे घातलेल्या मुठी उंचावल्या. त्यांस संघांतून काढून घरीं पाठविण्यांत आलें. सन २०१६ मध्यें कॉलिन केपर्निक हा फुटबॉल खेळाडू राष्ट्रगीताच्या वेळीं गुडघा टेकून बसला. त्या हंगामानंतर त्यास कोणत्याही संघानें सामन्यांत खेळविलें नाहीं. बोलण्याची किंमत पडते, हें आम्ही मुलांपासून लपवूं इच्छीत नाहीं. पालकांची भीति निराधार नाहीं.

परंतु पालवणकर बंधु कसे बोलले हेंही पाहावें. त्यांनीं शिवीगाळ केली नाहीं. घडलेली गोष्ट सांगितली. आडून कुजबुज केली नाहीं, नांवानिशीं लिहिलें. आपल्यापुरतें मागितलें नाहीं. सर्वांस लागू असा नियम मागितला, कीं योग्यता खेळावरून ठरावी. आणि अन्याय कांहीं अंशीं दूर होतांच रुसून न बसतां ते परत खेळावयास आले. खेळाचे नियम पाळा असें सांगणारा खेळाडू खेळाबाहेर जात नाहीं. तो खेळच राखतो.

भारताच्या राज्यघटनेनें सन १९५० पासून अस्पृश्यता नष्ट केली आहे. परंतु कायदा मैदानावर येऊन पाण्याचा पेला हातीं देत नाहीं, तो आपणच द्यावयाचा असतो. आपल्या जिल्ह्यांतील कितीतरी मुलांचे आईबाप ऊसतोडणीस परजिल्ह्यांत जातात, आणि तीं मुलें हंगाम सरल्यावर उशिरा शाळेंत परततात. संघाची यादी तोंवर लागलेली असते. त्यांच्यांत एखादा बाळू नसेल कशावरून? म्हणून विद्यार्थ्यांस आमची विनंती आहे कीं, यादी करतांना आडनांव व ओळख बाजूस ठेवावी, रांजणाचें पाणी सर्वांनीं एकाच पेल्यानें प्यावें, आणि सोबत्यावर अन्याय झालेला दिसल्यास ज्याच्यावर तो झाला त्यानेंच बोलावें अशी वाट पाहूं नये. कप्तान पै बोलले होते. त्यांच्या शेजारी बसलेले आणखी चार जण बोलले असते, तर बाळूंस कप्तानपदासाठीं थांबावें लागलें नसतें.